अम्माची रेस्ट

आमच्या घरात वस्तू एकेक करून, दबकत दबकत आल्या. आधी स्टोव्ह आला, मग टेबलफॅन आला, मग नायनांच्या, म्हणजे वडिलांच्या, मालकांनी टाकून दिलेलं लोखंडी कपाट आलं, ज्याचं दार उघडायला दोन माणसं लागायची. रेस्ट त्या मानाने बरीच उशिरा आली. ती डॉक्टरांनी दिली, आणि तीही चिठ्ठीवर लिहून नव्हे, नुसती तोंडी. त्यामुळे घरातल्या कुणाचाच तिच्यावर विश्वास बसला नाही.

मी तेव्हा दहावीला होते आणि घरातल्या इंग्रजी खात्याची प्रमुख होते. खात्यात दुसरं कुणी नव्हतं. औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरं असली, नळाच्या खात्याचा एखादा कागद आला, की ‘विजी, बघ की काय म्हणतंय’ अशी हाक यायची. मग मी डोळे बारीक करून, ओठ हलवत, वाचायला लागतो त्याहून दुप्पट वेळ वाचायची. लवकर वाचून झालं तर लोकांना वाटलं असतं, काही अवघड नव्हतंच. शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंना समानार्थी शब्दांचं भारी वेड होतं. रोज फळ्याच्या मधोमध एक साधंसुधं नाम लिहायच्या आणि त्याच्याभोवती त्याचे सगळे भाऊबंद गोळा करायच्या. हाऊस लिहिलं की होम, रेसिडन्स, ड्वेलिंग, अबोड. आम्ही एका खोलीत चार माणसं राहायचो आणि त्या एका खोलीसाठी मी पाच शब्द पाठ केले होते. माणशी एक वाटून वर एक उरायचा.

ती खोली अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, एका लांबलचक चाळीत होती, आणि तिची मागची भिंत टॉवेलच्या मागांच्या शेडला चिकटलेली होती. भिंतीपलीकडे माग चालायचे आणि भिंतीअलीकडे आम्ही. बोलणं म्हणजे ओरडणं, हे मला जन्मापासून माहीत. आजही मी शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातल्या मॅडम दार ओढून घेतात. नायना त्याच शेडमध्ये कामाला होते, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. वीज जाऊन माग थांबले की चाळीतली तान्ही पोरं दचकून उठायची आणि रडायला लागायची, कारण शांतता त्यांच्या ओळखीची नव्हती. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, दाराबाहेर मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. इथे सगळं मराठीत लिहितेय, कारण ज्या तेलुगूत हे घडलं तिला आता माझी मुलं ‘अम्माची कोड लँग्वेज’ म्हणतात.

अम्मा विड्या वळायची. आमच्या चाळीत हे सांगायची गरजच नव्हती. बाई म्हटली की तिच्या मांडीवर सूप आलंच. सकाळी भाकरी, पाणी, धुणं उरकलं की बायका आपापल्या उंबऱ्याशी बसायच्या. ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं काढायच्या, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने मापात कापायच्या, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड दुमडून दोऱ्याचा फास. हे सगळं हाताकडे न बघता. डोळे समोरच्या घरात काय चाललंय तिकडे. चाळीत तंबाखूचा असा वास भरलेला असायचा की नवा माणूस आला की आधी शिंकायचा, मग कोण पाहिजे ते सांगायचा. ‘बस की जरा’ याचा अर्थ आमच्याकडे ‘ये, सूप घेऊन ये’ असा होता. बिनसुपाची बसलेली बाई बघितली की काहीतरी अशुभ झालंय असं वाटायचं.

नायनांची थोरली बहीण, आमची अत्तम्मा, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. तिचंही सूप होतं. तिचा आणि अम्माचा जन्माचा अबोला असावा असं बाहेरच्याला वाटे, कारण दोघी दिवसभर समोरासमोर बसून एकमेकींशी बोलायच्या नाहीत; पण एकीची तंबाखू संपत आली की दुसरी न बघता मूठभर सरकवायची. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, चिंचेचं पातळ चारू. चारूला अम्मा शेवटी लसणाची फोडणी द्यायची, तेव्हा एवढा चर्रकन आवाज व्हायचा की मागांच्या खडखडाटातूनही मला कळायचं, आता पुस्तक मिटायचं.

त्या वर्षी आधी चारूचा आवाज बंद झाला. फोडणीचा वास आला की अम्माला मळमळायला लागलं. मग ती भाकरी अर्धी टाकायला लागली. मग एक दिवस शेजारच्या शारदाक्काने, दोरा दाताने तोडता तोडता, अम्माकडे बघून सांगितलं की तुझे डोळे हळद लावल्यासारखे दिसायलेत. अम्मा म्हणाली, उन्हाने. शारदाक्काने तिला उन्हात नेऊन बघितलं, सावलीत आणून बघितलं, चार बायकांना दाखवलं आणि कावीळ जाहीर केली.

आधी माळ झाली. कसल्याशा झाडाच्या काड्यांची, डोक्यावर घालायची. कावीळ उतरेल तशी माळ लांब होत गळ्यात येते म्हणतात. माळ लांब झाली, खांद्याखाली आली, आणि कावीळ होती तिथेच राहिली. अम्मा पिवळी ती पिवळीच, वर गळ्यात माळ, आणि मांडीवर सूप. चालताना तिला भिंत धरावी लागायला लागली तेव्हा नायनांनी पाळी बदलून घेतली आणि आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. आम्ही म्हणजे नायना, अत्तम्मा, आणि इंग्रजी खातं.

डॉक्टर वयस्कर होते, घाईत नसायचे. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, गोळ्या लिहून दिल्या. तेल-तिखट बंद, उकडलेलं खायचं, उसाचा रस चालेल पण स्वच्छ ठिकाणचा. आणि म्हणाले, या गोळ्या नावाला आहेत. खरं औषध रेस्ट. पूर्ण रेस्ट. अत्तम्माने विचारलं, इंजेक्शन नाही? नाही म्हणाले. सलाईन? गरज नाही. अत्तम्माचा चेहरा असा झाला, जणू दुकानदाराने वजनात मारलंय.

घरी आल्यावर नायनांनी चप्पल काढली, खाटेच्या कडेला बसले आणि मला विचारलं, ‘विजी, रेस्ट म्हणजे नेमकं काय करायचं असतं?’

हा प्रश्न त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारला होता की मी उभी राहिले. शाळेत उत्तर देताना राहायचो तशी. आणि सुरू झाले. रेस्ट म्हणजे विश्रांती. आराम. विसावा. रिपोज, रिलॅक्सेशन, ईझ. स्वस्थ पडणं, थांबणं, झोप. रिपोज हा शब्द मला तेव्हा एखाद्या थंड हवेच्या गावाच्या नावासारखा वाटायचा, म्हणून तो मी दोनदा म्हटला. एकाच शब्दाला घरात एवढं मोठं गणगोत आलेलं बघून सगळे जरा दबले. पण आमच्या घरची रीत अशी की ताटात चार पदार्थ आले की ज्याने त्याने आपल्याला सोसेल तो उचलायचा.

नायनांनी ‘थांबणं’ उचललं. त्यांच्या लेखी रेस्ट म्हणजे मागाची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी ते रेशनच्या रांगेत उभे राहायचे, स्टोव्हची पिन साफ करायचे, खाटेची नवार ताणायचे, कुणाच्या तरी मयताला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावरच त्यांना जरा हुशारी वाटायची. अत्तम्माला ‘आराम’ पटला. आराम म्हणजे उभ्याचं काम नको, बसून काय ते करावं. ‘रेस्ट’ हा शब्द तिने पूर्वी ऐकलेला होता. सात रस्त्याकडे सरकारी रेस्ट हाऊस होतं, त्याच्या फाटकावरून ती एकदा गेली होती. तिथं साहेब लोक उतरायलेत, ती म्हणाली, त्यांना असती ती, रेस्ट. आपल्याला कुठली परवडायची. शारदाक्का दारातून ऐकत होती. तिने ‘विसावा’ घेतला आणि म्हणाली की मग रोज येऊन तिच्याजवळ बसत जाऊ की, एकटी बाई पडून पडून काय करंल.

आणि अम्मा? अम्माने काहीच उचललं नाही. ती एवढंच म्हणाली की कार्ड चालू राहायला पाहिजे. विडी कंपनीच्या ब्रँचला तिचं कार्ड होतं. रोज विड्या पोचत्या केल्या की त्यावर शिक्का. फार दिवस माल आला नाही की नाव कमी करतात, असं चाळीतली प्रत्येक बाई समजून होती. आणि माझी शाळेची शिष्यवृत्ती त्याच कार्डावर मिळायची. त्यामुळे इंग्रजी खातं त्या बाबतीत जरा गप्प बसलं.

मग अम्माच्या रेस्टची तयारी झाली. ही तयारी आठवली की मला आजही हसू येतं, आणि मग थोडं दमल्यासारखं होतं. खाट उचलून खिडकीशी घेतली, म्हणजे उजेड चांगला येईल. पाठीशी दोन उशा आणि नायनांचा जुना कोट. पानं भिजवायची, कापायची ती अत्तम्माने, जड काम म्हणून. अम्माने फक्त वळायच्या. मांडीवर सूप. खाटेवरून उतरायचं नाही, हे नायनांनी सक्त सांगितलं आणि अम्माने ते शेवटपर्यंत पाळलं. आमची खरोखर अशी समजूत होती की यापेक्षा जास्त विश्रांती माणसाला देता येत नाही. वर्षानुवर्षं जमिनीवर बसणारी बाई खाटेवर बसली होती. ही चैनच होती.

दुपारी बायका यायच्या. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हाताने जात नाहीत, आणि आमच्या चाळीत मोकळ्या मांडीनेही जात नसत. प्रत्येकजण एक नारळ किंवा दोन मोसंबी आणि आपलं सूप घेऊन यायची. खाटेभोवती जमिनीवर गोल करून बसायच्या. पहिल्या दिवशी तिघी होत्या, मग गल्लीभर कळलं तशी दाटी होत गेली. मला पाण्याच्या हंड्यापर्यंत जायला सुपांवरून उड्या मारायला लागायच्या. तंबाखूची बारीक धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगायची. कुणाची नणंद काविळीने गेली, कुणाचा दीर माळ घालूनही गेला, कुणाच्या भावाला तर इंजेक्शन देऊनसुद्धा, असं सगळं सविस्तर, अम्माचं मन रमावं म्हणून. एक बाई निघाली की तिची जागा दुसरी घ्यायची. आणि आलेल्या प्रत्येकीला अम्मा खाटेवरून विचारायची, चहा घेतला का? मग मला, विजी, शारदाक्काला चहा दे, साखर कमी, तिला सोसत नाही. विजी, कप तो नको, कान तुटलाय. घरची मालकीण म्हणून ती इतकी तर कधी राबली नव्हती. मी अभ्यासाला म्हणून चाळीच्या जिन्यात जाऊन बसायची आणि तिथेही चहाची हाक यायची.

आता या वयात, मुलं मोठी झाल्यावर, मला डॉक्टर ‘स्ट्रेस कमी करा, ब्रेक घ्या’ म्हणतात. आणि मी ब्रेक घेते तेव्हा काय करते, तर फोनवर तीन कुटुंबांचे ग्रुप बघते, पेपर तपासते, आणि माहेरच्या कुणाला तरी उत्तर दिलं नाही म्हणून पुन्हा फोन लावते. माझी मुलगी पुण्याहून ओरडते. तिला कुठे माहीत, मी कुठल्या शाळेत रेस्ट शिकले ते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे अम्माला रिक्षातून उचलून न्यावं लागलं. तिचा रंग पिवळ्याच्या पुढे गेला होता, ओकारीने घसा सोलवटलेला, आणि मधूनमधून ती एकदम मागचंच काहीतरी बोलायची, जणू तिचं लग्न नुकतंच झालंय. डॉक्टरांनी विचारलं, रेस्ट घेतली? नायना ताठ मानेने म्हणाले, पूर्ण, साहेब. खाटेवरून उतरूच दिलं नाही. अत्तम्मानेही मान हलवली. मीही. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

डॉक्टरांनी नाडी बघायला अम्माचा हात हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. मग त्यांनी तिची बोटं उलटी केली. टोकं पानाच्या रसाने काळपट झालेली, पहिल्या बोटावर दोऱ्याचा ताजा लाल वळ. आम्ही सगळे त्या बोटांकडे बघत बसलो.

‘हे बसल्या बसल्याचं आहे, डॉक्टरसाहेब,’ अम्मा म्हणाली. ‘हाताचं. त्याला काय ताकद लागायली नाही.’

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, थकल्यासारखे झाले. त्यांच्याकडे आमच्यासारख्याच बायका रोज येत असणार. ते नायनांना म्हणाले, ‘हिचं यकृत सुजलंय. आता ऐकलं नाहीत तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका, सरळ सिव्हिलला न्या. आणि तिथून परत घरी आणाल, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.’ त्यांनी गोळ्याही बदलून दिल्या नाहीत.

घरी आल्यावर नायनांनी अम्माचं सूप उचललं आणि मालकांकडून आलेल्या त्या लोखंडी कपाटात ठेवलं. कपाटाचं दार लावायला मी त्यांना मदत केली. मग ते कामावर गेले, कारण पाळी बदलून घेण्यालाही हद्द असते. अत्तम्मा एक शब्द न बोलता आपलं सूप आणि पानांचं पोतं घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, रुसली. खोलीत मी आणि अम्मा. दुपारची वेळ होती, बायका यायची वेळ. मी उठले आणि दार लावलं. कडी घातली.

हे वाचणाऱ्यांना यात काही वाटणार नाही. पण आमच्या चाळीत भरदिवसा दार लागत नसे. दार लागायचं ते घरात मोठं भांडण झालं की, नाहीतर सगळे गावाला गेले की. माणसं आत असताना, काही घडलेलं नसताना दार लावून घेणं म्हणजे चाळीच्या तोंडावर दार लावणं. अम्माने कडीचा आवाज ऐकला आणि ती धडपडत उठून बसली.

काय करायलीस, लोक काय म्हणतील, असं ती म्हणाली, शारदाक्का मनाला लावून घेईल, उघड आधी. मी म्हटलं, झोप. ती आडवी झाली, मी ओरडायच्या आत. छताकडे बघत राहिली. भिंतीपलीकडे माग चालले होते. तिचे हात चादरीवर होते आणि चादरीची कड दोन बोटांत धरून ती वळत होती, सोडत होती, पुन्हा वळत होती. तिला ते कळतही नव्हतं.

‘पडले की,’ ती थोड्या वेळाने म्हणाली. ‘आता पुढं काय करायचं?’

पुढे काही नाही, मी म्हटलं. एवढंच.

‘म्हणजे नुसतं?’

नुसतं.

यावर तिने इतका वेळ विचार केला की मला वाटलं, तिला कसली तरी कळ आली. मग ती म्हणाली की नुसतं पडलं की सगळं दुखायलंय. पाठ, मान, खांदे, डोळ्यांच्या मागे काहीतरी. काम करताना दुखत नव्हतं. काम थांबलं की एकेक अवयव हजेरी लावायलाय. हे ती तक्रारीने नाही, नवलाने सांगत होती. समानार्थी शब्द मला भरपूर येत होते, पण तिच्या पाठीला त्यांतला एकही लागू पडत नव्हता.

ती उठू नये म्हणून मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले आणि पुस्तक काढलं. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. मनातल्या मनात वाचलं की माझं लक्ष लागायचं नाही. मागांच्या वरचढ आवाजात वाचायची सवय. म्हणून मोठ्याने वाचायला लागले. वर्क, लेबर, टॉइल, टास्क, ड्युटी. अम्माने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, कामाला इंग्रजीत एवढे शब्द आहेत. ती म्हणाली, असतीलच की. मग मी पुढचं पान घेतलं. फ्रेंड, कम्पॅनियन. रोड, स्ट्रीट, पाथ. फूड, मील, डाएट. ती अधूनमधून अर्थ विचारायची, मी सांगायची, ती ‘हं’ म्हणायची. तिचा ‘हं’ हळूहळू लांबत गेला. मग एका शब्दाला आलाच नाही.

मी वर बघितलं. अम्मा झोपली होती. तोंड थोडं उघडं, एक हात खाटेखाली लोंबत, बोटं सुटलेली. आणि मी जी घाबरले, ती अशी की पुस्तक हातातून पडलं. कारण अम्माला झोपलेली मी कधी बघितलीच नव्हती. मी झोपायची तेव्हा ती जागी, मी उठायची तेव्हा ती उठलेली. ती झोपते हे मला माहीत होतं, जसं मला माहीत होतं की पृथ्वी फिरते. पिवळा चेहरा, मिटलेले डोळे, आणि त्यातली ती सगळी राबणूक निघून गेलेली. ती कुणीतरी दुसरीच बाई दिसत होती, माझ्या अम्माहून लहान. मी तिच्या नाकाजवळ हात नेला. श्वास गरम होता. मी हात बराच वेळ तिथेच ठेवला, पुन्हा पुन्हा खात्री करत.

तेवढ्यात दाराशी कुजबुज झाली. चाळीला दार लागलेलं कळलं होतं. मी फटीतून बघितलं, तर उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून, अत्तम्मा बसलेली. मांडीवर तिचं सूप, शेजारी अम्माचं पानांचं पोतं. समोर शारदाक्का आणि आणखी दोघी नारळ घेऊन उभ्या. शारदाक्का विचारत होती की आत काय चाललंय, बरं आहे ना, की बोलावू कुणाला. अत्तम्माचे हात थांबले नाहीत. ती फक्त आवाज खाली घेऊन म्हणाली, आणि अत्तम्माचा आवाज खाली येतो हे मला त्या दिवशी कळलं, ‘झोपलीया ती. तिच्या नावच्या मी वळायलेय. तुमाला लईच माया आली असली तर बाहेर बसून चार पानं तुमीबी वळा की. आत नाही जायचं.’

शारदाक्काला ते लागलं, दिसत होतं. तिने नारळ भिंतीशी ठेवला. थोडा वेळ उभी राहिली. मग साडी सावरून अत्तम्माच्या शेजारी बसली आणि पोत्यातली पानं ओढून घेतली. बाकीच्या दोघी आपापल्या घरी सुपं आणायला गेल्या.

अम्माला बरं व्हायला पुढे खूप काळ लागला, हे सांगून टाकते. मधे पुन्हा एकदा बिघडलं, उसाच्या रसाचा तर तिला असा वीट आला की पुढे जन्मभर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की ती रस्ता ओलांडायची. अत्तम्माच्या स्वतःच्या कार्डावर त्या काळात फारसे शिक्के पडले नाहीत. ते कुणी बोलून दाखवलं नाही, तीही नाही. पण ती दुपार मला वेगळी आठवते, कारण तोवर आम्ही अम्माला औषध देत होतो आणि त्या दुपारपासून ती ते घ्यायला लागली.

ऊन खिडकीतून निघून समोरच्या भिंतीवर गेलं होतं तेव्हा ती उठली. एकदम, दचकून, कुणीतरी हाक मारल्यासारखी. डोळ्यांत काहीच ओळख नव्हती. मग खोली ओळखीची झाली, मी झाले. तिने विचारलं, पाणी भरलं? मी म्हटलं, भरलं. नायना येऊन गेले? आले, भात खाल्ला, गेले. चहाला कोण आलं होतं? कुणी नाही. भाकरी? अत्तम्मा थापतेय, शारदाक्काच्या चुलीवर. ब्रँच? माल गेला.

‘मला का उठवलं नाही?’

काही कामच नव्हतं, अम्मा.

‘एवढ्या वेळात काहीच झालं नाही?’

काहीच नाही, मी म्हटलं.

तिचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी पुढे अनेक बायकांच्या चेहऱ्यावर बघितला. नोकरीतून निवृत्त झालेल्या मैत्रिणींच्या, लेकी सासरी गेलेल्या आयांच्या, अलीकडे कधी कधी आरशातही. सुटल्याचा, आणि त्याच वेळी कुणीतरी अपमान केल्याचा. तिच्यावाचून दुपार पार पडली होती. ती बराच वेळ हातांकडे बघत राहिली, उलटे, सुलटे, परक्या कुणाचे असावेत तसे. शेजारी अत्तम्मा कुणाला तरी दटावत होती. अम्मा आता उठणार, बाहेर जाणार, असं मला वाटलं आणि नायना जेवून गेल्यापासून उघड्याच राहिलेल्या दारापुढे मी जाऊन उभी राहिले. ती उठली नाही. तिने उशी पालथी करून गार बाजू वर घेतली, डोकं टेकलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

‘मग दार कशाला उघडं टाकलंस,’ ती म्हणाली. ‘लाव.’